विज्ञानाच्या शिक्षकांना आधी ओढ्यावर न्या

हायस्कूलला विज्ञान शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हवामान बदलावर ट्रेनिंग झालंय का, बरेच जण हो म्हणतील आणि ते खरंही असेल. व्हिडिओ बघितलेत, मॉड्यूल पूर्ण केलंय, शेवटची प्रश्नावली सोडवलीय, सर्टिफिकेट डाउनलोड करून मुख्याध्यापकांकडे दिलंय. आता पुढचा प्रश्न विचारा. सर, मॅडम, त्या ट्रेनिंगमध्ये तुम्ही स्वतः काय मोजलंत? पाऊस, विहिरीची पातळी, पत्र्याखालच्या वर्गातलं दुपारचं तापमान, झाडाचा घेर, मातीत पाणी मुरायला लागणारा वेळ, यातलं एक तरी? इथे बहुतेक जण गप्प होतात. आणि यात शिक्षकांचा काही दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही, कारण त्यांना कुणी बाहेर नेलंच नाही. बी.एड.ला नाही, नोकरी लागल्यावर नाही, नंतरच्या कुठल्याच ट्रेनिंगला नाही. ज्या माणसाने आयुष्यात कधी शेतातल्या विहिरीत टेप सोडून पाणी मोजलं नाही त्याने साठ मुलं घेऊन बाहेर पडावं ही अपेक्षाच चुकीची आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की हवामान बदलाचं ट्रेनिंग हॉलमधून काढून शिक्षकाच्या स्वतःच्या तालुक्यात, उघड्यावर, वर्षभर झालं पाहिजे, आणि ते इतर ट्रेनिंगसारखंच ऑन ड्युटी, मोजलं जाणारं, पगारी काम असलं पाहिजे.

कागदावर बघायला गेलं तर कमी काही नाही. सुप्रीम कोर्टाने १९९१ साली एम. सी. मेहतांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा बजावलं. आपल्या बोर्डाला नववी-दहावीला जलसुरक्षा विषय आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण मिळालं पाहिजे असं लिहिलंय, आणि हे ५० तास खरंच खूप आहेत, त्यात काय काय करता येईल! पण तास मोजले जातात, ते तास कुठे बसून काढले हे कुणी विचारत नाही. दीक्षा या सरकारच्या ऑनलाइन ट्रेनिंग ॲपवर पूर्ण केलेला तास आणि ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून प्रवाह मोजलेला तास सारखाच धरला तर सगळे ॲपच उघडणार, कारण ते रात्री घरी बसून होतं.

आणि बाहेर काय चाललंय ते बघा. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, त्याच मराठवाड्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने पिकं तर गेलीच, बऱ्याच ठिकाणी जमीनसुद्धा खरवडून गेली. मार्च २०२२ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या सगळ्या मार्च महिन्यांत सगळ्यात जास्त निघालं. २०२५ ला मान्सून मुंबईत २६ मे रोजी आला, एवढ्या लवकर आल्याची नोंदच नाही. हे सगळं मुलांच्या घरात घडतंय, बापाच्या शेतात घडतंय, त्यामुळे मुलं वर्गात विचारतात की सर पाऊस मे महिन्यातच कसा काय आला. या प्रश्नाला पुस्तकात तयार उत्तर नाही. मग शिक्षक काय करणार, ग्लोबल वॉर्मिंग म्हणणार, झाडे लावा म्हणणार, पोस्टर स्पर्धा घेणार. माहिती नसते असं नाही, पण ती माहिती आपल्या गावच्या पावसाला कशी जोडायची हे कुणी शिकवलेलंच नसतं.

झाडाचंच घेऊ, कारण आपल्याकडे हवामान बदल म्हटलं की वृक्षारोपण हे ठरलेलं. समजा ट्रेनिंगमध्ये शिक्षकांना टेप दिला आणि शाळेच्या आवारातल्या झाडांचे घेर छातीच्या उंचीला मोजायला सांगितले. मग हिशोब करायला बसवलं. पेट्रोलचा एक लिटर जळला की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर मोटरसायकलवर येणारे कितीतरी शिक्षक आहेत, म्हणजे दिवसाला जवळपास एक लिटर, शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला पाचशे किलो. आता एक किलो कार्बनचा ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि सुक्या लाकडात जवळपास निम्मा कार्बन असतो, त्यामुळे हे पाचशे किलो परत झाडात साठवायचे तर दरवर्षी पावणेतीनशे किलो सुकं लाकूड नव्याने वाढलं पाहिजे, तेही एकट्या शिक्षकाच्या गाडीसाठी. आवारातली झाडं वर्षात किती वाढतात ते पुढच्या जूनला त्याच खुणेवर पुन्हा टेप लावून बघायचं. हे एकदा स्वतः केलेला शिक्षक मुलांना झाडं लावायला सांगेलच, सांगितलंच पाहिजे, पण झाडं लावली की काम झालं असं तो सांगणार नाही, आणि रोपाबरोबरचा फोटो ही उपक्रमाची शेवटची पायरी आहे असंही त्याला वाटणार नाही. आकडा स्वतःच्या हाताने काढला की तो आपल्याला सोडत नाही.

दुसरं एक साधं काम, ज्याला खर्च काही नाही. तेलाचा किंवा पावडरचा मोठा पत्र्याचा डबा घ्यायचा, दोन्ही तोंडं कापायची, चार बोटं जमिनीत ठोकायचा, एक लिटर पाणी ओतायचं आणि मोबाइलवर वेळ लावायची. एकदा गुरं चरून टणक झालेल्या माळावर, एकदा गाडीवाटेवर, एकदा नांगरलेल्या रानात, एकदा देवराईत पाचोळ्याखालच्या मातीत. तेच पाणी, तोच डबा, पण वेळ इतका वेगवेगळा येतो की शिक्षक आपसात वाद घालायला लागतात, कोण म्हणतं डबा नीट बसला नाही, कोण म्हणतं काल तिथे पाऊस झाला होता, परत करून बघू. हा वाद म्हणजेच विज्ञान आहे आणि तो पीपीटीवर होत नाही.

इथून पुढे हवामान बदलाकडे जायला वाट अगदी सरळ आहे. पुण्यातल्या आयआयटीएमच्या, म्हणजे उष्णकटिबंधीय हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेला भारताच्या हवामान बदलाचा अहवाल २०२० साली केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने काढला. त्यात आहे की १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान साधारण ०.७ अंशाने वाढलं, १९५१ ते २०१५ या काळात मान्सूनचा एकूण पाऊस साधारण ६ टक्क्यांनी कमी झाला, आणि मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरच्या वर कोसळणारा पाऊस १९५० ते २०१५ मध्ये साधारण ७५ टक्क्यांनी वाढला. हे वाक्य वर्गात वाचून दाखवलं तर मुलं लिहून घेतील आणि विसरतील. पण ज्याने डबा ठोकून बघितलाय त्याला लगेच कळतं की झड लागून चार दिवस पडणारा पाऊस आणि तेवढाच पाऊस दोन तासांत ओतला जाणं यात विहिरीच्या दृष्टीने केवढा फरक आहे. आणि १५० मिलिमीटर म्हणजे किती? एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, म्हणजे शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर एका दिवसात १५,००० लिटर. छपराची लांबी-रुंदी मुलांनीच मोजायची.

यावर सगळ्यात मोठा आक्षेप मला मान्य आहे. हवामान बदल एका दिवसाच्या फिल्डवर्कमध्ये दिसत नाही. दिसू शकतच नाही, कारण हवामानाची सरासरी काढायला तीसेक वर्षांच्या नोंदी धरतात, आणि ओढ्यावर उभं राहून हे बघा मुलांनो हवामान बदल असं बोट दाखवणं हे अवैज्ञानिक आहे. ट्रेनिंगमध्ये हे स्पष्ट सांगितलंच पाहिजे. एक पूर, एक गारपीट, एक कोरडा ऑगस्ट दाखवून निष्कर्ष काढायची सवय शिक्षकांना लागली तर फायद्यापेक्षा तोटा जास्त होईल. पण म्हणूनच एक दिवसाची सहल नको, वर्षभराची नोंद पाहिजे, आणि आपल्या वर्षभराच्या नोंदीशेजारी जुन्या लांब नोंदी ठेवायला शिकलं पाहिजे. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची आहे. हवामान खातं १८७५ चं. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तालुक्याचा पाऊस बघता येतो. घरातले म्हातारे सांगतात की पूर्वी मृगाला पेरणी व्हायची, आता मृग कोरडा जातो, आता हत्तीचा पाऊसच जास्त. हे खरंय का? खरं असेल, नसेलही, आठवणीत चांगली वर्षंच राहतात. मग आजोबांचं म्हणणं लिहून घ्यायचं, तालुक्याचे आकडे नक्षत्रांच्या तारखांप्रमाणे मांडायचे आणि तपासायचं. आजोबांचा अपमान न करता त्यांचं म्हणणं तपासता येतं ही गोष्ट मुलांनी शाळेत शिकावी असं मला फार मनापासून वाटतं.

जगातला या विषयातला सगळ्यात गाजलेला आलेखसुद्धा असाच तयार झालाय. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली, तेव्हा दर दहा लाख भागांत साधारण ३१५ भाग होता, आज ४२० च्या वर गेलाय. एकाच जागी, एकाच पद्धतीने, कंटाळा न करता मोजत राहिले म्हणून तो कळला. शाळेतलं साधं पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला वाचणारी सातवीतली मुलगी त्याच शिस्तीतलं काम करत असते, हे तिच्या शिक्षकाला माहीत असलं पाहिजे.

आणि आपल्या शाळेत कशाला मोजायचं, हवामान खातं मोजतंच की, असंही म्हणतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. एकाच शहरात! मग डोंगराळ तालुक्यात एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात काय होत असेल.

सगळंच बाहेर करा असं मी म्हणत नाही. ओझोनचा थर विरळ होणं आणि हरितगृह परिणाम ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, हा घोटाळा मुलांमध्येच काय शिक्षकांमध्येही सर्रास दिसतो, आणि तो ओढ्यावर जाऊन सुटणार नाही. सूर्याचा प्रकाश येतो कसा, जमीन तापून अवरक्त किरणं सोडते कशी, कार्बन डायऑक्साइड ती शोषतो कशी, हे फळ्यावर, सावकाश, प्रश्न विचारू देत शिकवावं लागेल. त्यासाठी अर्धा दिवस हॉल वापरा. बाकीचा वेळ दार उघडा.

आता सेफ्टी. मुख्याध्यापकांची भीती खोटी नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, त्यानंतर सहलीच्या परवानग्या आणखी कडक झाल्या, आणि पालकांच्या जागी आपण असतो तर आपणही हेच मागितलं असतं. पण या भीतीचं उत्तर शिक्षकांना वर्गात बसवून ठेवणं हे असू शकत नाही. मुलं रविवारी ओढ्यावर जातातच, धबधब्याखाली जातातच, विजा चमकत असताना गुरं घेऊन झाडाखाली उभी राहतातच. त्यांना कोण सांगणार की ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला तर वर कुठेतरी पाऊस झालाय, ताबडतोब बाहेर पडा, वरचं आभाळ कोरडं असलं तरी? भरती-ओहोटीचं वेळापत्रक कसं वाचायचं? वीज दिसल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काय करायचं? हे विज्ञानच आहे, आणि ते शिक्षकाला आधी स्वतः करून बघायला मिळालं पाहिजे.

सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांसाठी तर हा जिवाचा प्रश्न आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला तळीये गेलं, त्याच दिवशी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी गेली. प्रत्येक दरडीचं खापर हवामान बदलावर फोडणं चूक आहे, उतार किती तीव्र, कुजलेल्या खडकाचा आणि मातीचा थर किती जाड, उताराचा पाया कुठे खणलाय, पाण्याची वाट कुठे अडवलीय, हे सगळं त्यात असतं. पण जोराचा पाऊस वाढणार असेल तर ही सगळी कारणं जास्त धोकादायक होतात. दरड कोसळायच्या आधी काही वेळा खुणा दिसतात, वरच्या अंगाला जमिनीला भेगा जाणं, झाडं आणि विजेचे खांब कलणं, घराची दारं अडकायला लागणं, कधी नव्हते तिथे पाझर फुटणं किंवा नेहमीच्या झऱ्याला गढूळ पाणी येणं. या खुणा डोंगरावर उभं राहून, भूशास्त्र कळणाऱ्या माणसाबरोबर बघायच्या असतात, पीडीएफमध्ये भेगेचा फोटो बघून शेतातली भेग ओळखता येत नाही. डोंगराळ तालुक्यांतल्या प्रत्येक विज्ञान शिक्षकाला दर पावसाळ्याआधी असा एक दिवस मिळाला पाहिजे, आणि गावातल्या मुलांनी त्याच्याबरोबर गावाच्या वरच्या उताराची नोंद ठेवली पाहिजे. यंत्रणा पोचायच्या आधी गावात कोण असतं? शाळा असते.

म्हणूनच एकच मॉड्यूल सगळ्या राज्याला चालणार नाही. देवगड-रत्नागिरीच्या शिक्षकाचं फिल्डवर्क हापूसच्या मोहोरावर असू दे, पाऊस लांबला की मोहोराच्या जागी पालवी कशी येते, फळ धरल्यावर पुन्हा थंडी पडली की पुनर्मोहर येऊन आधीचं फळ कसं गळतं, हे तिथल्या पोरांना घरी रोज ऐकू येतं. तासगाव किंवा दिंडोरीला छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की डावणी या बुरशीच्या रोगासाठीची फवारणी किती वाढते ते द्राक्षबागेत जाऊन विचारता येईल. चंद्रपूरला उन्हाळ्यात वर्गाचं तापमान. बीड-धाराशिवला विहिरी. असं असेल तर शिक्षकालाही वाटतं की हा विषय आपला आहे.

हे असं होऊ शकतं याचा पुरावा शेजारीच आहे. मध्य प्रदेशात १९७२ साली १६ सरकारी शाळांत होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी केलेला, नंतर एकलव्य संस्थेने पुढे नेलेला. तिथे शिक्षकांना उन्हाळ्यात बोलावून प्रत्येक प्रयोग स्वतः करायला लावायचे, परिभ्रमणाला, म्हणजे परिसर फिरून बघायला, बाहेर न्यायचे, आणि मग दर महिन्याला शिक्षकांची बैठक व्हायची, काय जमलं, काय फसलं, मुलांनी काय विचारलं. साध्या सरकारी शाळेतल्या शिक्षकांनी हे तीस वर्षं चालवलं. २००२ साली सरकारने तो बंद केला ते वाईट झालं, पण शिक्षक करत नाहीत, त्यांना जमत नाही, हे म्हणणं त्या तीस वर्षांनी कायमचं खोटं ठरवलंय. माझ्या मते त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मासिक बैठक होती, कारण ट्रेनिंगचा उत्साह शाळेत गेल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत मरतो, पुन्हा भेटायचंय हे माहीत असलं तर टिकतो.

शिक्षिकांची अडचण वेगळी सांगायला हवी, कारण ट्रेनिंग ठरवणाऱ्यांच्या डोक्यात ती येत नाही. निवासी शिबिर म्हटलं की लहान मुलं घरी असलेल्या बायका आधीच बाहेर पडतात, माळावर टॉयलेट नसलं की दिवसभर पाणी न पिता काढतात. जागा निवडतानाच जवळची शाळा किंवा ग्रामपंचायतीची सोय बघा, तालुक्यातच ठेवा, संध्याकाळी घरी पोचता येईल असं करा. ही सोय नसेल तर ते ट्रेनिंग अर्ध्याच शिक्षकांसाठी आहे.

पैसे? टेप, दोरी, बादली, थर्मामीटर, साधं पर्जन्यमापक, नोंदवही, हे सगळं मिळून एका प्रोजेक्टरपेक्षा स्वस्त. खरी महाग गोष्ट वेळ आहे. ज्या शिक्षकाकडे बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम आहे, सर्वेक्षण आहे, रोज कुठली ना कुठली लिंक भरायची आहे, त्याला आणखी एक उपक्रम दिला की तो फोटोपुरताच होणार आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून हे जास्तीचं काम म्हणून नको, ५० तासांतले निम्मे तास यासाठी काढून द्या. वर्षातून पाच-सहा शनिवार, जूनच्या आधी एक, भर पावसात एक, पाऊस उघडल्यावर विहिरींसाठी एक, थंडीत एक, मार्च-एप्रिलच्या उन्हात एक. डाएट, म्हणजे जिल्ह्याची शिक्षक प्रशिक्षण संस्था, आणि तालुक्याचं विज्ञान अध्यापक मंडळ मिळून हे करू शकतं, सोबत कृषी सहायक, भूजल विभागाचा माणूस, जवळच्या कॉलेजातला भूगोलाचा प्राध्यापक घ्या, आणि ज्यांना ओढा पाठ आहे असे गावातले दोन जाणते लोक मानधन देऊन बोलवा. रिपोर्टमध्ये फोटो मागू नका, नोंदवही मागा. ती शाळेच्या दप्तरी शाळेच्या नावाने राहू दे, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी पुढचा माणूस त्याच विहिरीला त्याच खुणेवरून टेप लावेल. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ आणि निवड श्रेणीसाठी जे ट्रेनिंग करावंच लागतं, त्यातही हे शनिवार धरा. शिक्षकांच्या संघटनांनी पगार, पेन्शन, बदल्यांबरोबर ही मागणीसुद्धा लावून धरली पाहिजे, आणि एससीईआरटीने, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, पुढच्या वर्षाचं ट्रेनिंग कॅलेंडर बनवताना एका तरी जिल्ह्यात याची सुरुवात लिहून टाकावी, आदेश मार्चमध्येच काढावा, कारण मे महिन्यात पाऊस येऊ शकतो हे आता आपल्याला माहीत आहे.